उशिरा येणारी दाद

तांडापेठेत, विणकर नि गिरणी कामगारांच्या वस्तीत, कवडू धकात्याला सगळे 'गाण्याचा कवडू' म्हणत. तो गात मात्र नव्हता. देवळात भजन रंगलेलं असताना त्यानं तोंड उघडलंच, तर पुढचा माणूस मान वळवून पाहायचा, मग कवडू निमूटपणे टाळ्याच वाजवायचा. त्याचं नाव होतं ते ऐकण्यासाठी.

भाऊबीज झाली की उमरेड-भिवापूरकडच्या खेड्यांत मंडया भरू लागतात. दिवसा बाजार भरतो, लेकी माहेरी येतात, उकडलेले शिंगाडे नि गुळाची जिलेबी विकायला येते आणि बाजाराच्या मधोमध खडी गंमत उभी राहते. डोक्याला फेटा बांधलेला शाहीर, ढोलकी, काखेत धरून तार छेडायचा चोनका, लुगडं नेसून पायात घुंगरू बांधलेला नाच्या. सगळं उभ्यानं चालतं, म्हणून खडी. दोन पार्ट्या समोरासमोर असतात. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा आणि मैदानानं ठरवायचं, कोण भारी. कवडू कापडगिरणीतल्या रजा वर्षभर जपून ठेवायचा त्या या दिवसांसाठी. पोरीच्या बारशाला त्यानं अर्धाच दिवस घेतला होता, हे त्याची बायको गोपिका अजून बोलून दाखवायची. इतवारीच्या स्टेशनावरून छोट्या लाईनची गाडी पकडायची, सोबत लहानू. लहानू शेजारचाच, हातमागावर लुगडी विणणारा, भजनात टाळ वाजवणारा, बोलायला कमी. मंडया झाल्या की रामटेकची त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा. अधल्यामधल्या दिवसांत इंदोऱ्यातला कव्वालीचा सामना, कुठलं भारूड, कुठलं कीर्तन. जिथं ढोलकीवर थाप पडेल तिथं कवडू हजर.

आणि रामटेकहून परतला की पुढच्या रविवारी सकाळी नाईक तलावाजवळच्या कडुलिंबाच्या ओट्यावर माणसं जमायची. कवडू यंदाचं ऐकणं सांगायचा. पहिलं कुणाचं, दुसरं कुणाचं, तिसरं कुणाचं. गाऊन दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून तो सांगायचा. "पवनीच्या पार्टीनं सवाल टाकला अन् माह्यापुढं एक म्हातारी शिंगाडं सोलून राहिली होती. तिचा हात तसाच थांबला, बाप्पा! जवाब येईपर्यंत शिंगाडं अर्धंच सोललेलं." ऐकणाऱ्यांना ती म्हातारी दिसायची आणि सवालही ऐकू यायचा. ज्यांना गिरणीतून रजा नव्हती, ज्या बायकांना घरातून निघता येत नव्हतं, त्यांची मंडई त्या ओट्यावर व्हायची. त्याच्या शब्दाला वजनही होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याला, वस्तीचं मंडळ गंमत ठेवायचं. तिला कुणाला बोलवायचं हे मंडळाचे मारोतराव कवडूच्या रविवारी ठरवून टाकत. आजूबाजूच्या वस्त्याही तेच करत.

बहुतेक वर्षी पहिलं नाव एकच असायचं, शाहीर धोंडबा. भिवापूरच्या पुढचं खेडं, घरची थोडी मिरचीची वाडी आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, हा आपल्याशीच बोलतो आहे. त्याचा एकेक शब्द चिंचोक्यासारखा वेगळा पडायचा. उभं राहिल्यावर तो आधी गर्दीवर नजर फिरवायचा. "माहा कवडू आला का?" कवडूनं हात वर केला की मगच ढोलकीला इशारा. या एका गोष्टीसाठी कवडू दहा मैल पायीसुद्धा गेला असता, आणि एकदा गेलाही होता.

शहात्तर सालच्या मंडयांत काहीतरी बिनसलं.

उमरेडला पहिल्याच दिवशी कवडूला करमेना. ढोलकी ठणकत होती, पण चोनक्याची तार कुठं हरवली होती कोण जाणे. नाच्या पाय आपटत होता, घुंगरं मुकी. "यानं घुंगरात मेण भरलं का गा?" त्यानं लहानूला विचारलं. लहानूनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. पुढं इंदोऱ्यात कव्वालीला गेला, तर तिथला माईक फाटका. रामटेकला कीर्तनकाराच्या तोंडात जणू पान. पण खरा घाव बसला तो भिवापूरला. धोंडबा उभा राहिला, समोरच्या पार्टीनं अवघड सवाल टाकला, धोंडबानं डोळे मिटून जवाब दिला आणि अख्खं मैदान उसळलं. फेटे उडाले. कवडूला आवाज आला, जाड, घोगरा, ओल्या घोंगडीखालून यावा तसा. शब्द एकही नाही.

"काय म्हनला?" त्यानं लहानूचा दंड धरला.

"मंग सांगतो," लहानू ओरडला आणि टाळ्या वाजवत राहिला.

कवडूनंही टाळ्या वाजवल्या, पण आतून तो पेटला होता. या माणसाच्या शब्दांवर आपण इतकी वर्षं जीव टाकला आणि आता हा शब्द गिळतो! लोक नावाला टाळ्या देतात, त्याला वाटलं. ऐकतं कोण?

रामटेकनंतरच्या त्या रविवारी ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. कवडू बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "यंदा पयलं नाई, दुसरं नाई, तिसरंबी नाई. कोनाच्या गळ्यात दम राह्यला नाई."

"अन् धोंडबा?" मारोतरावांनी विचारलं.

"धोंडबा आता शब्द खाते."

लहानू, जो कधी मध्ये बोलायचा नाही, तो म्हणाला, "मले तं साफ ऐकू आलं गा, कवडू. एकेक अक्षर."

"तुहे कान जाड हायेत, लहानू," कवडू म्हणाला.

सगळे हसले. लहानूही हसला, जरा उशिरानं.

बोललेलं वाक्य ओट्यावर राहत नाही. 'धोंडबा शब्द खाते' हे आधी तांडापेठेत फिरलं, मग छोट्या लाईनच्या गाडीत बसून उमरेडला गेलं. पुढच्या तान्ह्या पोळ्याला मारोतरावांनी दुसरी पार्टी बोलावली. बाकीच्या वस्त्यांनीही तेच केलं. सत्त्याहत्तरच्या मंडया आल्या तेव्हा धोंडबाला 'खादाड शाहीर' म्हणून हाक मारायला पोरंटोरं शिकली होती. एका गावात त्यानं सवाल टाकायला तोंड उघडलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "शाहीर, जेवून आले का आता जेवता?" मैदान हसलं आणि हसणाऱ्या मैदानापुढं शाहिराचं काही चालत नाही. त्याच्या पार्टीतला नाच्या, जो त्याच्याजवळच लहानाचा मोठा झाला होता, तो हंगाम संपायच्या आधी पवनीच्या पार्टीत निघून गेला. कवडू त्या वर्षी फार फिरला नाही. जिथं गेला तिथं त्याला तेच ऐकू आलं, ढोलकी आणि तिच्याभोवती धूर.

घरी गोपिका मात्र वेगळंच काही पाहत होती. गोपिका तोंडाची तिखट, पण नजरेची त्याहून तिखट. मागून हाक मारली तर नवरा वळत नाही. समोरून बोललं तर डोळ्यांत नाही, ओठांकडे पाहतो. पोरगी प्रेमिला सासरहून आली, पाठीमागून "बाबा" म्हणाली आणि हा तसाच बिडी ओढत बसला. पोरगी रडली. गोपिकेला आधी वाटलं, माणूस रुसला. मग वाटलं, माजला. मग एका दुपारी तो जेवत होता आणि ती त्याच्या मागं भाकरी घेऊन उभी होती. तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "घरात साप निघाला वं माय. तुमच्या पाटाखाली हाये."

कवडूनं वरणात भाकरी कुस्करली.

"साप हाये म्हनलं ना!"

त्यानं घास घेतला. गोपिकेच्या हातातली भाकरी खाली पडली. ती पुढं आली, त्याच्यासमोर मटकन बसली आणि रडू लागली. कवडू घाबरला. "काय झालं वं? कोन मेलं?"

तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एकेक शब्द ओठांनी घडवत म्हणाली, "तुमाले ऐकू येत नाई."

कवडू ताटावरून उठला. "तूच हळू बोलतं! घरात सारे कुजबुजून राहिले, अन् मी बहिरा?" चपला घालून तो तसाच लहानूकडे गेला. लहानू मागावर होता. "टाळ काढ," कवडू म्हणाला. लहानूनं खुंटीवरचे टाळ काढले. कवडू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीला चुना होता, एका ठिकाणी पोपडा निघालेला. कवडूनं तो पोपडा पाहिला, त्यामागची माती पाहिली, वाट पाहिली.

"वाजव ना."

काही नाही.

"अबे, वाजव ना, लहानू!"

तो वळला. लहानू टाळ वाजवत होता. दोन्ही हात जोरजोरात चालले होते, टाळांच्या कडा चमकत होत्या आणि लहानूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कवापासून माहीत हाये तुले?" कवडूनं विचारलं.

लहानू हात खाली करून म्हणाला, "भिवापूरच्या त्या मंडईपासून. मले वाटलं, तुले माहीत हाये."

गोपिकेनं त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बरा माणूस होता. त्यानं कानात बत्ती मारून पाहिलं, काही प्रश्न विचारले आणि गिरणीत माग चालवणारा साचेवाला आहे म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. कवडू ज्या खात्यात उभा राहायचा तिथं शेकडो साचे एकदम चालत. प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटत राहायचा. तिथं कुणी कुणाशी बोलत नसे, सगळे ओठांनी आणि बोटांनीच बोलत. नवीन आलेला माणूस महिन्याभरात ती भाषा शिकायचा. कवडू तर इतकी वर्षं तीच बोलत होता. कान कधी गेले ते कळायला जागाच नव्हती. डॉक्टर म्हणाला, आधी बारीक आवाज जातात, मग शब्दांच्या कडा जातात, जाड आवाज शेवटपर्यंत राहतो. औषध नाही.

परत येताना कवडू एका ठिकाणी थांबला. बाजूनं टांगा गेला, सायकली गेल्या. गोपिकेला वाटलं, आता हा रडेल. तो म्हणाला, "मंग धोंडबानं शब्द खाल्लेच नाई."

हे त्याला कान गेल्याहून मोठं वाटलं. तेव्हापासून त्याची झोप उडाली.

थंडी सरता सरता तो एकटाच छोट्या लाईनच्या गाडीत बसला. भिवापूरला उतरून पायी गेला. धोंडबाच्या अंगणात मिरच्या वाळत पडल्या होत्या, सगळं अंगण लाल, हवा नाकात झोंबणारी. धोंडबा उकिडवा बसून मिरच्या पालटत होता. फेट्याशिवाय त्याला कवडूनं कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावर मधोमध टक्कल होतं.

"ये," धोंडबा म्हणाला. बस म्हणाला नाही.

गाडीत बसून जुळवलेलं सारं कवडू विसरला. "धोंडबा, माहे कान गेले. दोष माहा होता. तुहा आवाज जसाचा तसा हाये."

धोंडबानं एक मूठ मिरच्या उचलल्या आणि पुन्हा पसरल्या. मग कवडूकडे तोंड करून तो बोलला. कवडूला ओठांवरून एकेक शब्द वाचता आला.

"मले काय सांगतं? मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुले ऐकू येत नाई ते. दोन हंगामांपासून. तू दाद उशिरा देऊन राहिला होता, गा. आधी लहानूकडे पाह्यचा, मंग हात उचलायचा. पयले तुहा हात सगळ्याच्या आधी उठे. शब्द माह्या तोंडात राहे अन् तुहा हात वर. मी उभा राहून पाह्यत होतो, म्हनून मले दिसलं. बाकीचे मले पाहून राहिले होते."

कवडू तिथंच खाली बसला, मिरच्यांच्या कडेला. "मंग तू मले सांगितलं काहून नाई?"

"काय सांगू? तू बहिरा झाला म्हनून? आपल्या मानसाले असं सांगवत नाई, कवडू. मले वाटलं, तुहं तुलेच समजन. अन् तू काय केलं? ओट्यावर बसून सांगितलं, धोंडबा शब्द खाते." त्याचा आवाज चढला असावा, कारण आतून त्याची बायको दारात आली. "आता मी गावोगाव सांगत फिरू का, माहे शब्द शाबूत हायेत म्हनून? कोन ऐकन? नाच्या गेला. ढोलकीवाला म्हनते, पुढच्या साली पाहू."

"मी काय करू, सांग."

"जिथं बोलला तिथंच सांग. मले सांगून काय होते?"

तो पुन्हा मिरच्या पालटू लागला. त्यानं गाऊन दाखवलं नाही आणि कवडूची विचारायची छाती झाली नाही. निघताना धोंडबाच्या बायकोनं, रिवाज म्हणून, गोपिकेसाठी फडक्यात बांधून मिरच्या दिल्या.

जिथं बोलला तिथंच सांग. पण कवडूनं लगेच सांगितलं नाही. गिरणीत नवीन गोष्ट सुरू झाली होती. कामगारांची तपासणी व्हायची आणि ज्याच्या कागदावर डॉक्टर 'अनफिट' लिहील त्याला घरी बसवतील, अशी बोलवा होती. ओट्यावर सांगितलेलं गिरणीत पोचायला एक दिवस लागला नसता. होळी गेली, उन्हाळा तापला. गोपिका एकदाही "सांगा" म्हणाली नाही. फक्त भिवापूरच्या त्या मिरच्या तिनं खुंटीला टांगून ठेवल्या, कुटल्या नाहीत. कवडू जेवायला बसला की त्याच्या समोर त्या असायच्या.

मृग लागायच्या सुमारास मंडळाची बैठक ओट्यावर भरली. पोळ्याला कुणाला बोलवायचं ते ठरायचं होतं. कवडू न बोलावता गेला. मागं गोपिका, डोक्यावर पदर घेऊन, पुरुषांच्या बैठकीत पहिल्यांदाच.

"धोंडबाले बोलवा," कवडू म्हणाला. "मी चुकलो होतो. त्याचे शब्द नाई गेले, माहे कान गेले. मले ऐकू येत नाई."

मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "आता मी बोलून राहिलो ते?"

"ते समजते."

"मंग?"

"तुमचं तोंड पाहून समजते. साचेखात्यात आमी असेच बोलतो."

कुणीतरी हसलं. कवडू ज्याच्याकडे वळायचा त्याचं त्याला बरोबर समजत होतं, आणि हेच त्याच्या आड आलं. एकानं विचारलं, "काल भाजी कायची होती, कवडूभौ?" त्यानं सांगितलं, वांग्याची. दुसऱ्यानं विचारलं, "पाऊस कवा येईन?" त्याचंही उत्तर दिलं. लोक एकमेकांना कोपरं मारू लागले. मग मागच्या रांगेतल्या एका तरण्यानं तोंड वाकडं करून म्हटलं आणि तेही कवडूनं वाचलं, "भिवापूरच्या मिरच्या बऱ्या झोंबल्या! धोंडबाच्या घरून गाठोडं घेऊन आलता म्हनते."

कवडूचा चेहरा उतरला. इतकी वर्षं याच माणसांनी त्याचा शब्द झेलला होता. धोंडबावर चिखल उडवला तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. तो पुसायला आल्यावर मात्र सगळे पुरावा मागत होते.

तो उठला, कडुलिंबाकडे गेला आणि खोडाकडे तोंड करून, बैठकीला पाठ देऊन उभा राहिला. "आता बोला," तो म्हणाला. "काय बोलाचं ते बोला. मी वळलो तं खोटा."

समोर साल होती, उभ्या चिरा पडलेली. एका चिरेतून मुंगळ्यांची रांग वर जात होती. कवडूनं त्यांच्याकडे पाहिलं. मागं काय चाललं होतं त्याला माहीत नव्हतं. जाड आवाजाची एखादी लाट पाठीवर आल्यासारखी वाटायची, मग काही नाही. त्याला वाटलं, सगळे निघून गेले असतील आणि आपण झाडासमोर एकटेच उभे आहोत. तरी तो वळला नाही. पाय दुखू लागले. बऱ्याच वेळानं खांद्यावर हात पडला. गोपिकेचा होता. तिनं त्याला वळवलं.

जवळजवळ सगळे तिथंच होते. मारोतराव मान खाली घालून बसले होते. तो मागच्या रांगेतला तरणा दिसत नव्हता. लहानू उभा राहिला होता, मुठी वळलेल्या, कुणावर तरी धावून गेल्यासारखा श्वास लागलेला. गोपिकेचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय बोलले?" कवडूनं घरी आल्यावर विचारलं. त्या रात्री विचारलं, पुढच्या महिन्यात विचारलं, पुढंही कधी कधी विचारत राहिला. गोपिकेनं मरेपर्यंत सांगितलं नाही.

धोंडबाला निरोप गेला.

आणि अपेक्षेप्रमाणे गिरणीतही बातमी पोचली. खात्याच्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, कवडूला साच्यांच्या मधल्या गल्लीत गाठलं. कवडूनं मनात घरी बसायची तयारी केली. जॉबरनं कान दाखवला, मग हातानं अख्खं खातं दाखवलं, त्या टोकापासून या टोकापर्यंत, आणि ओठांनी म्हणाला, "इथं कोनाले ऐकू येते बे?" मग हसत पुढं गेला. कवडूला हसू आलं नाही. त्यानं आजूबाजूला पाहिलं. ओळखीची तोंडं, सगळी बोटांनी बोलणारी. त्यातले कितीजण घरी पाठीमागून मारलेल्या हाकेला वळत असतील, हे त्याच्या पहिल्यांदाच मनात आलं. त्या दिवशी त्याचा धोटा दोनदा अडकला.

अठ्ठ्याहत्तरचा तान्हा पोळा. सकाळी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघून गेली, रस्त्यांवर गुलाल आणि चिखल एक झाला होता. दुपारी ऊन पडलं आणि मंडपात गंमत उभी राहिली. धोंडबा आला तो नवीन नाच्या घेऊन, हातापायांनी अवघडलेला कुणी नातलग होता. ढोलकीवाला जुनाच. धोंडबानं मारोतरावांना रामराम केला, लहानूला मिठी मारली. कवडूपाशी आला तेव्हा नुसती मान हलवली. मग मंडपात उभा राहून त्यानं गर्दीवर नजर फिरवली, पण 'माहा कवडू आला का' म्हणाला नाही. सरळ ढोलकीला इशारा केला.

कवडू पुढंच बसला होता. बायकांच्या बाजूला गोपिका होती. इतक्या वर्षांत ती अशी गंमत ऐकायला पहिल्यांदा बसली होती. नवऱ्याच्या रजा खाणारं हे गाणं तिला सवतीसारखं वाटायचं.

ढोलकी कवडूला लागत होती. बाकी धूर. त्यानं धोंडबाच्या ओठांकडे पाहिलं, पण गाणारा माणूस ओठ बोलणाऱ्यासारखे हलवत नाही. तो ते ताणतो, मान फिरवतो, डोळे मिटून वर पाहतो. दोन शब्द हाती यायचे, चार सुटायचे. मैदान हललं. लहानूचा हात उठला. कवडूचाही हात सवयीनं निम्मा उठला आणि त्यानं तो दाबून मांडीवर ठेवला. उशिराची दाद आता त्याला द्यायची नव्हती. पुन्हा मैदान उसळलं, माणसं उठून उभी राहिली. त्या सगळ्या उभ्या माणसांत कवडू हात मांडीखाली दाबून बसून राहिला. मध्येच एकदा धोंडबानं त्याच्याकडे पाहिलं. कवडूनं मान हलवून 'नाही' म्हटलं. धोंडबानं नजर काढून घेतली नाही. एक कडवं तो कवडूकडे पाहतच गायला, ओठ सावकाश हलवून, आणि त्यात त्याची लय सुटली. ढोलकीवाल्यानं सावरून घेतली.

गंमत संपली, उधळण झाली, लोक पांगले. धोंडबा फेटा सोडत बायकांच्या बाजूनं आला आणि गोपिकेपुढं थांबला. "वहिनी, कसं झालं?"

गोपिकेला लाजायचंही सुचलं नाही. "सुरुवातीले आवाज बसला होता तुमचा," ती म्हणाली. "मंग सुटला. पन तो तुमचा नवा नाच्या काई कामाचा नाई."

धोंडबा मोठ्यानं हसला. नाच्या मागंच उभा होता, तोही हसला. कवडूनं लांबून ते हसणं पाहिलं आणि जवळ आला. "काय म्हनते? काय म्हनला?"

"घरी सांगतो," गोपिका म्हणाली.

धोंडबानं कवडूच्या दंडावर एकदा हात ठेवला. मग त्याला गाडी गाठायची होती. त्यानंतर तो चार-पाच हंगाम उभा राहिला. काही गावांनी बोलावलं, काहींनी शेवटपर्यंत नाही. खादाड शाहीर हे नाव पार गेलं असं कधी झालं नाही. पुढं गुडघे दुखू लागले तसा तो मिरचीच्या वाडीतच राहिला. कवडू त्याच्याकडे वर्षातून एकदा जायचा. दोघं अंगणात बसायचे, बोलणं थोडं असायचं.

त्या पोळ्याच्या दिवशी मात्र घरी पोचेपर्यंत कवडूला धीर निघाला नाही. नाईक तलावाच्या कडेला त्यानं गोपिकेला उभं केलं. "आता सांग." गोपिकेनं पदर मागं घेतला, त्याच्यासमोर तोंड केलं आणि सांगू लागली. सवाल काय होता, जवाब काय होता, कुठं लोक उठले. तिचं मागचं पुढं होत होतं, एक कडवं ती पार विसरली होती, कवडू तिला अडवत होता, "आधी जवाब कसा येईन वं? सवाल सांग ना पयले!" ती चिडून पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. जाणारी-येणारी माणसं वळून पाहत होती. शेवटी बहुतेक शब्द, वेडेवाकडे का होईना, त्याच्या हाती आले. तो ते मनात लावत उभा राहिला.

"अन् चाल?" त्यानं विचारलं. "चाल कशी होती?"

गोपिकेनं तोंड उघडलं. मग मिटलं. तलावावर पोळ्याची पोरं लाकडी बैल धूत होती. ती तिकडे पाहत राहिली, मग पुन्हा त्याच्याकडे वळली, त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून.

"चांगली होती," ती म्हणाली.

कवडूनं मान हलवली. दोघं घराकडे चालू लागले.